जुने स्थलनिर्देशक नकाशे आणि कोकणातील गुरचरण व खाणींचा इतिहास : एक चिकित्सा

सारांश

भारतीय सर्वेक्षण विभागाचे जुने स्थलनिर्देशक नकाशे स्थानिक इतिहासाचे साधन म्हणून अलीकडे मोठ्या प्रमाणावर वापरले जाऊ लागले आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांच्या संदर्भात या साधनाची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. खाण आणि गुरचरण हे भूमीच्या वापराचे दोन प्रकार नकाशावर सारख्या प्रमाणात उमटत नाहीत. खाणीची नोंद चिन्हाने आणि समोच्च रेषांनी होते. गुरचरण मात्र बहुधा रिकाम्या जागेच्या रूपाने शिल्लक राहते. या विषमतेची कारणे, तिचे परिणाम आणि नकाशावाचनाची काही पथ्ये येथे मांडली आहेत.

बीजसंज्ञा : स्थलनिर्देशक नकाशा, सडा, धनगरवाडा, खाण, स्थलनाम, वनहक्क

प्रास्ताविक

नकाशा हा इतिहासलेखनात बहुधा परिशिष्टाचा विषय ठरतो. बखरी, दफ्तरे, शिलालेख आणि गॅझेटियर यांची चिकित्सा करणारा अभ्यासक नकाशाकडे मात्र ‘पाहून खात्री करून घेण्याची वस्तू’ म्हणूनच बघतो. नकाशात चूक असू शकते हे त्याला मान्य असते, पण नकाशाला काही म्हणणे असू शकते हे त्याच्या सहसा ध्यानात येत नाही. वस्तुतः नकाशा ही एक संहिताच होय. तिला कर्ता आहे, हेतू आहे, भाषा आहे आणि तिच्यात गाळलेल्या जागाही आहेत.

अमेरिकेच्या पश्चिम भागातील गुरांची कुरणे आणि खाणवस्त्या यांचा इतिहास शोधताना तेथील अभ्यासक जुन्या स्थलनिर्देशक नकाशांचा मुबलक वापर करतात. १८७९ साली स्थापन झालेल्या अमेरिकी भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेने १८८४ पासूनचे आपले जुने नकाशे संगणकीय रूपात सर्वांना विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. त्यांवर कुरणमालकांची नावे, गुरांचे कोंडवाडे, पवनचक्क्या, खाणींची विवरे, एवढेच नव्हे तर फसलेल्या शोधखड्ड्यांच्याही खुणा सापडतात. एखादी ओस पडलेली वस्ती नकाशावरून शोधून काढणे हा तेथे हौशी मंडळींचाही छंद झाला आहे.

हीच पद्धत कोकणात जशीच्या तशी वापरता येईल काय, हा या लेखाचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर ‘अंशतः’ असे आहे. अमेरिकी नकाशावर कुरण दिसते, कारण तेथे ते कोणाची तरी मोजून दिलेली मालमत्ता असते. कोकणातील चराऊ भूमी ही बव्हंशी वहिवाटीची भूमी होय. मालमत्तेला सीमारेषा असते. वहिवाटीला असते ती फक्त पायवाट. हा भेद ध्यानात न घेता केलेले नकाशावाचन अभ्यासकाची दिशाभूल करू शकते.

नकाशांची परंपरा आणि उपलब्धता

कर्नल लॅम्बटन यांनी १८०२ साली मद्रासजवळ आधाररेषा मोजून ज्या त्रिकोणीकरणास आरंभ केला, त्यातूनच पुढे हिंदुस्थानच्या शास्त्रीय नकाशांचा पाया घातला गेला. दक्षिण कोकणचे सर्वेक्षण पेशवाईच्या अस्तानंतर लगेचच थॉमस बेस्ट जर्व्हिस यांच्याकडे आले. १८४० साली प्रसिद्ध झालेला त्यांचा कोकणविषयक भौगोलिक व सांख्यिकीय वृत्तान्त आजही अभ्यासकांना उपयोगी पडतो. सर्वेक्षण आणि सांख्यिकी यांची जोडी येथे योगायोगाने जमलेली नाही. जमीन किती, पिकाऊ किती, वाटा कोठून जातात, तोफा कोठून नेता येतील, हे नव्या सत्तेचे प्रश्न होते आणि नकाशा हे त्यांचे उत्तर होते.

विसाव्या शतकाच्या प्रारंभी, १९०५ च्या सुमारास, एका इंचास एक मैल या प्रमाणावर रंगीत नकाशांची नवी मालिका तयार करण्याचे धोरण ठरले. मेट्रिक पद्धतीच्या स्वीकारानंतर तिची जागा १:५०,००० प्रमाणाच्या मालिकेने घेतली. रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा बहुतेक प्रदेश ४७ जी, ४७ एच आणि ४८ ई या अंशपत्रकांत व त्यांच्या उपपत्रकांत येतो. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ साली वेगळा झाला. त्यामुळे त्यापूर्वीच्या नकाशांवर आणि १८८० व १९६२ च्या गॅझेटियरांत ‘रत्नागिरी’ या नावाने निर्दिष्ट होणारा प्रदेश आजच्या जिल्ह्याहून बराच मोठा आहे, हेही विसरता कामा नये.

किनारपट्टीचे नकाशे सुरक्षेच्या कारणास्तव दीर्घकाळ प्रतिबंधित वर्गात होते. महाविद्यालयाच्या भूगोल विभागात दख्खनच्या पठाराचे पत्रक सहज मिळे. स्वतःच्या गावाचे मात्र मिळत नसे. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापरासाठी स्वतंत्र मालिका निर्माण केली आणि फेब्रुवारी २०२१ मधील भूस्थानिक माहितीविषयक मार्गदर्शक तत्त्वांनी उरलेली बरीच बंधने सैल केली. कोकणच्या स्थानिक इतिहासात नकाशाचा वापर उशिरा सुरू झाला, त्यामागे अभ्यासकांच्या अनास्थेइतकीच ही अनुपलब्धताही कारणीभूत आहे.

खाण : नोंदला गेलेला इतिहास

खाणींच्या बाबतीत स्थलनिर्देशक नकाशा हे तुलनेने विश्वासार्ह साधन आहे. खाण स्थिर असते, तिला भाडेपट्टा असतो, तिच्याकडे रस्ता जातो आणि ती भूरूप बदलते. या चारही गोष्टी नोंदवण्याची सोय नकाशाच्या सांकेतिक भाषेत आहे.

वेंगुर्ले तालुक्यातील रेडी हे याचे ठळक उदाहरण होय. तेरेखोल नदीच्या मुखाजवळच्या या गावात स्वातंत्र्योत्तर काळात लोहखनिजाच्या उघड्या खाणी सुरू झाल्या आणि रेडी बंदर खनिजाच्या निर्यातीसाठी वापरले जाऊ लागले. यशवंतगडामुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाची नवी ओळख खाणीने घडवली. तेथील प्रसिद्ध द्विभुज गणेशमूर्तीही १९७६ साली खाणीच्याच परिसरात सापडली. म्हणजे आजचे तीर्थस्थान हेदेखील एका अर्थी खाणीच्या इतिहासाचाच भाग आहे. अशा ठिकाणी दोन कालखंडांची पत्रके शेजारी ठेवली असता टेकडीच्या समोच्च रेषा, खाणीकडे जाणारे नवे रस्ते आणि खड्ड्यांत साचलेल्या पाण्याचे निळे ठिपके यांतून बदलाचा क्रम उलगडता येतो.

नदीच्या दोन्ही काठांचा राजकीय इतिहास भिन्न असल्यामुळे येथे नकाशाचे महत्त्व आणखी वाढते. उत्तरेस ब्रिटिश अंमलाखालचा वेंगुर्ल्याचा भाग आणि सावंतवाडी संस्थान, तर दक्षिणेस १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता. त्यातही तेरेखोलचा किल्ला नदीच्या उत्तर काठावर असूनही गोव्यात मोडतो. गोव्यातील खाणींना पोर्तुगीज काळात मिळालेल्या सवलतींचे १९८७ च्या कायद्याने भाडेपट्ट्यांत रूपांतर झाले आणि २०१२ व २०१८ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनी तेथील खाणव्यवसायाला दोनदा खीळ बसली. भूस्तर एकच असला तरी कागदपत्रांच्या परंपरा दोन आहेत. त्यांना एका पटावर आणण्याचे काम नकाशाच करू शकतो.

कणकवली परिसरातील जानवली व वागदे येथील क्रोमाइट, कासार्डे-फोंडा भागातील सिलिका वाळू, मंडणगड-दापोलीकडील बॉक्साइट, तसेच मालगुंड, नेवरे व काळबादेवी येथील किनाऱ्यावरची इल्मेनाइटयुक्त वाळू ही या प्रदेशातील खनिजांची प्रमुख उदाहरणे होत. ती एकत्र पाहिली असता एक गोष्ट स्पष्ट होते. खनिजांचा नकाशा आणि शेतीचा नकाशा यांत शेतीने सोडून दिलेल्या जागा खनिजाने व्यापल्या आहेत. बॉक्साइट तर बहुतांशी जांभ्याच्या सड्यांवरच आढळते. म्हणजे ज्या भूमीला महसुली दप्तराने ‘पोटखराब’ म्हटले, तिलाच खनिकर्माच्या दप्तराने ‘साठा’ म्हटले. ही दोन नावे मिळण्यापूर्वी त्या भूमीचे गावाशी काय नाते होते, हा प्रश्न या दोन्ही दप्तरांना पडलेला नाही.

परिमाणाच्या मर्यादा

जुन्या नकाशावरील समोच्च रेषांपासून उंचीचे प्रतिमान तयार करून ते अलीकडील उपग्रहीय प्रतिमानातून वजा करायचे आणि उत्खननाचे घनफळ काढायचे, ही पद्धत आता संगणकामुळे सुलभ झाली आहे. मात्र सुलभतेबरोबर येणारा आत्मविश्वास तपासून घ्यावा लागतो. मेट्रिक पत्रकावरील समोच्च रेषांचे अंतर साधारणतः २० मीटर असते. फेब्रुवारी २००० मध्ये अवकाशयानातून झालेल्या रडार सर्वेक्षणात उंचीच्या अचूकतेची अपेक्षित मर्यादा १६ मीटर होती. दोन्ही साधनांतील संभाव्य चूक एकत्र केल्यास रेडीसारखी मोठी उघडी खाण ओळखता येते. काही मीटर खोलीची चिरेखाण मात्र या पद्धतीत हाती लागत नाही.

शिवाय जुनी पत्रके एव्हरेस्ट लंबगोलाच्या आधारे तयार झाली, तर आजची उपग्रहीय स्थाननिश्चिती वेगळ्या आधारावर होते. योग्य रूपांतर न करता एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला, तर सर्व ठिकाणे शेकडो मीटर सरकतात आणि नसलेली खाण एखाद्या देवराईत दिसू लागते. पत्रकावर छापलेले आवृत्तीचे वर्ष आणि प्रत्यक्ष सर्वेक्षणाचे वर्ष यांतही पुष्कळदा बरेच अंतर असते. समासातील या नोंदी न वाचता काढलेली कालनिश्चिती ग्राह्य धरता येणार नाही.

खाणींच्या इतिहासातही नकाशाची मौने आहेतच. कोकणातील घरांना, विहिरींना आणि गडग्यांना जांभ्याचा चिरा पुरवणाऱ्या लहान खाणी या प्रदेशातील सर्वांत व्यापक उत्खनन होत. तरीही एकेका खाणीचे क्षेत्र नकाशाच्या प्रमाणात नगण्य ठरते. फ्रान्सिस बुकानन यांनी मलबारात हा दगड विटेप्रमाणे कापला जाताना पाहिला आणि १८०७ साली लॅटिनमधील विटेच्या शब्दावरून त्याचे शास्त्रीय नाव प्रसिद्ध केले. ज्या दगडाचे नावच कापण्याच्या क्रियेतून आले, त्याच्या खाणी नकाशावर अदृश्य राहाव्यात, हा विरोधाभास लक्षणीय आहे. घाटमाथ्यावर महाबळेश्वरसारख्या ठिकाणी जांभ्यातून लोखंड काढणाऱ्या धावड समाजाच्या भट्ट्यांचेही तसेच झाले. त्यांची कोळशासाठी जंगलावर आणि धातूसाठी दगडावर उभी असलेली उपजीविका परदेशी लोखंडाच्या आयातीने व जंगलबंदीने संपुष्टात आली. जेथे धातुमळीचे ढीग आढळतील तेथे प्रत्यक्ष पाहणीच हा इतिहास सांगू शकेल, नकाशा नव्हे.

गुरचरण : गाळला गेलेला इतिहास

गुरचरणाच्या बाबतीत परिस्थिती अधिक बिकट आहे. सह्याद्रीच्या माथ्यावर आणि वरच्या टप्प्यांवर म्हशी पाळून राहणारा गवळी धनगर समाज, खालच्या खोऱ्यांत शेती करणारा कुणबी समाज आणि किनाऱ्याच्या सड्यांवर गुरे नेणारे गावकरी असे कोकणातील पशुपालनाचे तीन स्तर स्थूलमानाने सांगता येतात. माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात गवळी धनगरांच्या जीवनक्रमाची मांडणी परिसरविज्ञानाच्या अंगाने केली आहे. लोणी-तूप विकून धान्य मिळवणारा हा समाज आणि त्याचे शेजारी यांनी एकाच डोंगराची नैसर्गिक साधने आपसांत वाटून घेतली होती, हा त्या मांडणीचा गाभा होय. ही वाटणी उंचीनुसार झालेली असल्यामुळे ती समोच्च रेषांच्या नकाशावर शोधणे तत्त्वतः शक्य आहे.

त्यासाठी चार खुणा एकत्र वाचाव्या लागतात. पहिली, माथ्याच्या सपाटीवरील झोपड्यांचा लहान पुंजका. दुसरी, जवळचा पाण्याचा उगम. तिसरी, ओझ्याच्या जनावरांची वाट. आणि चौथी, ती वाट जेथून घाट ओलांडते ती खिंड. सर्वेक्षण विभागाच्या चिन्हसूचीत गाडीवाट, ओझ्याच्या जनावरांची वाट आणि पायवाट यांत स्पष्ट भेद केलेला आहे. आज मोटाररस्ता नसलेल्या एखाद्या खिंडीकडे जुन्या पत्रकावर ओझ्याच्या जनावरांची वाट जात असेल, तर मीठ, धान्य आणि तूप यांच्या देवघेवीचा तो एक धागा समजावा. दामोदर कोसंबी यांनी पशुपालकांच्या हंगामी वाटा आणि पुढील काळातील व्यापारी मार्ग व दैवतस्थाने यांचा संबंध पुणे परिसरातील पायपिटीतून दाखवून दिला होता. गुंथर सोन्थायमर यांनी बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा या दैवतांच्या अभ्यासातून पशुपालकांच्या भूगोलाला धार्मिक परिमाण दिले. या दोघांची पद्धत घाटमाथ्याच्या पूर्वेकडील प्रदेशात अधिक वापरली गेली. कोकणच्या बाजूने ती वापरण्यास अजून पुष्कळ वाव आहे.

तथापि येथे एक अडचण उभी राहते. गवळी धनगरांचा वाडा काही वर्षांनी जागा बदलू शकतो. दोन कालखंडांच्या पत्रकांवर वाड्याची जागा वेगळी दिसली, तर एक वाडा ओस पडला आणि दुसरा नव्याने वसला, असा निष्कर्ष घाईने काढला जातो. प्रत्यक्षात तो एकच समुदाय असू शकतो. स्थिर वस्ती हे गृहीत धरून आखलेली चिन्हे फिरत्या जीवनाचे तुकडे पाडतात. कोयना खोऱ्यात धरणानंतर शिवसागर जलाशयाने जी उलथापालथ केली, तीही नकाशावर केवळ निळ्या रंगाच्या विस्ताराने व्यक्त होते. माथ्यावरच्या चराईवर आणि तुपाच्या गिऱ्हाइकांवर तिचा काय परिणाम झाला, हे त्या निळ्या रंगाखाली दडलेले आहे.

स्थलनामांचे लिप्यंतर

नकाशावरील नावे हे गुरचरणाच्या इतिहासाचे सर्वांत समृद्ध साधन होय. वि. का. राजवाडे यांनी स्थलनामांकडे इतिहासाचे साधन म्हणून पाहण्याची दृष्टी मराठीत रुजवली. राजापूर तालुक्यातील गोवळ आणि देवाचे गोठणे ही नावे उदाहरणादाखल घेता येतील. गोठण म्हणजे गुरे एकत्र येऊन विसावण्याची जागा. ठिकठिकाणच्या गवळीवाड्या आणि धनगरवाड्या यांचा अर्थ तर स्वयंस्पष्ट आहे. मात्र नाव पडले तेव्हा तो वापर असावा, एवढेच नावावरून म्हणता येते; ते केव्हा पडले हे नाव स्वतः सांगत नाही.

इंग्रजी पत्रकांवरील रोमन लेखनाने या साधनाची आणखी हानी केली आहे. त्या लेखनात ‘ण’ आणि ‘न’, ‘ळ’ आणि ‘ल’ यांतील भेद नाहीसा होतो आणि स्वरांची दीर्घताही छापताना बहुधा सुटते. परिणामी ‘खाण’ आणि ‘खान’ यांचे लेखन एकच होते. ‘माळ’ आणि ‘मळा’ यांतला फरक पुसट होतो. ‘माळ’ म्हणजे चराऊ सपाटी आणि ‘मळा’ म्हणजे लागवडीची जमीन. एका अक्षराच्या लोपाने गुरचरणाचे शेत होते आणि खाणीचा एखादा खानसाहेब! म्हणून स्थलनामांचा अर्थ लावण्यापूर्वी ती गावातील उच्चारावरून आणि महसुली दप्तरातील मराठी नोंदींवरून ताडून घेणे अत्यावश्यक ठरते. सिंधुदुर्गात गुराख्यांकडून पूजला जाणारा गवळदेव आणि त्याचे रानातील ठिकाण बहुधा नकाशावर येतच नाही. तेथे तर केवळ गावातील वृद्धांची स्मृती हाच नकाशा होय.

सडा : रिकाम्या जागेचा प्रश्न

नकाशाच्या मौनाचे सर्वांत गंभीर उदाहरण म्हणजे सडा. जांभ्याचे हे विस्तीर्ण पठार स्थलनिर्देशक पत्रकावर पिवळेही नसते आणि हिरवेही नसते. पिवळा रंग शेतीचा, हिरवा वृक्षराजीचा. दोन्ही नसलेली जागा उघडी, खडकाळ आणि म्हणून निरुपयोगी, असा अर्थ वाचक आपोआप लावतो.

येथे सर्वेक्षणाच्या हंगामाचा विचार करावा लागतो. सर्वेक्षकांची क्षेत्रीय कामे पावसाळा सरल्यावर सुरू होत आणि उन्हाळ्यात संपत. पावसाळ्याचे महिने कचेरीतील रेखाटनाचे असत. तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या रत्नागिरीत सडा जिवंत असतो तो नेमका याच महिन्यांत. तेव्हा कातळावर गवत आणि रानफुलांचा गालिचा पसरतो, खळग्यांत पाणी साचते, दीपकाडीसारख्या येथल्याच प्रदेशनिष्ठ वनस्पती फुलतात आणि खालच्या शेतांत पीक उभे असल्यामुळे गावची गुरे वर येतात. नकाशाने सड्याला पाहिले ते त्याच्या मृत ऋतूत. त्यामुळे नकाशावरील ‘ओसाड’ हे विधान भूमीविषयी नसून एका ऋतूविषयी आहे, असे म्हणणे अधिक युक्त ठरेल.

याच सड्यांवर गेल्या काही वर्षांत सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सहकारी यांनी मोठ्या संख्येने कातळशिल्पे नोंदवली. कशेळी, रुंढे तळी, देवाचे गोठणे, बारसू, देवीहसोळ, जांभरुण आणि उक्षी ही रत्नागिरी जिल्ह्यातील सात, सिंधुदुर्गातील कुडोपी आणि गोव्यातील फणसायमाळ अशी नऊ स्थळे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समाविष्ट झाली. शंभर वर्षे ज्या जागा नकाशावर रिकाम्या होत्या, त्यांवर प्रागैतिहासिक मानवाने हत्ती, वाघ आणि मानवाकृती कोरून ठेवल्या होत्या. सर्वेक्षकांना त्या दिसल्या नाहीत. पण गुराख्यांना ठाऊक होत्या. कित्येक कातळशिल्पांचा माग स्थानिक माणसांच्या सांगण्यावरूनच लागला, ही गोष्ट पशुपालकांच्या स्थलज्ञानाची साक्ष देते.

रिकाम्या जागेचा हा वारसा आजच्या प्रशासनातही चालू आहे. २००० सालापासून प्रसिद्ध होत असलेल्या भारताच्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहात ‘उघडा खडक व दगडाळ पडीक भूमी’ असा एक स्वतंत्र वर्ग आहे. एकदा भूमी या वर्गात गेली की तिच्यावर खाण, कारखाना वा प्रकल्प योजणे हे कोणाचेही नुकसान न करणारे कृत्य वाटू लागते. २०२३ साली बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पासाठी माती-परीक्षण सुरू झाल्यावर जो संघर्ष उभा राहिला, त्याच्या मुळाशी रोजगार आणि पर्यावरण यांचे प्रश्न होतेच. परंतु ‘येथे काहीच नाही’ आणि ‘येथे आमचे सर्व काही आहे’ या दोन नकाशांचाही तो संघर्ष होता. प्रकल्प हवा की नको, हा निर्णय समाजाने घ्यावयाचा आहे. तो रिकाम्या जागेच्या आभासावर आधारलेला असू नये, एवढे सांगणे मात्र अभ्यासकाचे कर्तव्य ठरते.

मौनाची मीमांसा

नकाशातील मौने ही सत्तेची भाषा होय, असे जे. बी. हार्ली यांनी १९८८-८९ मधील आपल्या लेखनातून प्रतिपादन केले. मॅथ्यू एडनी यांनी १९९७ सालच्या आपल्या ग्रंथात हिंदुस्थानातील ब्रिटिश सर्वेक्षणाला हा विचार लावून पाहिला. या विवेचनाचे ऋण मान्य करूनही कोकणाच्या संदर्भात त्यात काही दुरुस्ती करावी लागते. येथील प्रत्येक मौन हेतुपुरस्सर नाही. चिरेखाण गाळली गेली ती प्रमाणामुळे. सडा ओसाड ठरला तो हंगामामुळे. ‘माळ’ हरवला तो लिपीमुळे. आणि वाडा तुटला तो चिन्हव्यवस्थेमुळे. या सर्वांना ‘साम्राज्याचा कावा’ असे एकच नाव दिल्यास टीका जोरकस होते, पण ज्ञान वाढत नाही. मौनाचे कारण ओळखले तरच ते भरून काढण्याचे साधन निवडता येते. प्रमाणाच्या मौनाला गावनकाशा उत्तर देतो, हंगामाच्या मौनाला पावसाळी पाहणी, लिपीच्या मौनाला उच्चार आणि चिन्हाच्या मौनाला मौखिक इतिहास.

मात्र परिणामांच्या बाबतीत हार्ली यांचे म्हणणे टिकते. कारण काहीही असो, सर्व मौनांचा भार एकाच बाजूला पडतो. ज्याच्याकडे भाडेपट्टा आहे तो नकाशावर येतो. ज्याच्याकडे केवळ वहिवाट आहे तो येत नाही. १८८० चा खोती कायदा आणि १९४९ चा खोती निर्मूलन कायदा या दोन टोकांमधील कोकणचा भूमिविषयक वाद हा खोत आणि कूळ यांच्यातला होता. गुराखी त्या वादात पक्षकारही नव्हता.

पुराव्याचा प्रश्न

नकाशाची ही चिकित्सा केवळ सैद्धांतिक नाही. वनहक्क मान्यता अधिनियम, २००६ याच्या कलम ३ मध्ये चराईचा हक्क आणि भटक्या व पशुपालक समाजांचा हंगामी साधनवापराचा हक्क स्पष्टपणे नमूद आहे. धनगर समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या ‘क’ प्रवर्गात मोडत असल्याने त्याला या कायद्याखाली ‘इतर पारंपरिक वननिवासी’ म्हणून दावा करावा लागतो. त्यासाठी १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा निवास दाखवावा लागतो. हा हिशेब १९३० पर्यंत मागे जातो. नियम १३ नुसार गॅझेटियर, जनगणना, सर्वेक्षण अहवाल आणि नकाशे हे ग्राह्य पुराव्यांत मोडतात. पारंपरिक चराऊ क्षेत्रे आणि जुन्या बांधकामांचे अवशेष यांचाही त्यात समावेश आहे.

म्हणजेच १९३० पूर्वी सर्वेक्षण झालेल्या एक इंची पत्रकावरील ‘धनगरवाडा’ ही नोंद आज एखाद्या कुटुंबाच्या हक्काचा आधार ठरू शकते. कोयना व चांदोली परिसर २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आल्यानंतर घाटमाथ्यावरील वस्त्यांसाठी हा प्रश्न अधिकच निकडीचा झाला आहे. परंतु याच तर्काला दुसरी धार आहे. नकाशावर वाडा नसणे हा तो नसल्याचा पुरावा मानला गेला, तर सर्वेक्षकाची नजरचूक वंशजांची शिक्षा ठरेल. नकाशावरील अस्तित्व हा पुरावा आहे. नकाशावरील अभाव हा पुरावा नव्हे. हे तत्त्व दाव्यांची छाननी करणाऱ्या समित्यांपर्यंत पोहोचणे गरजेचे आहे. शिवाय हा कायदा वनभूमीपुरता मर्यादित असल्यामुळे खासगी वा महसुली सड्यांवरील चराईच्या वहिवाटीला त्याचे संरक्षण मिळत नाही, ही मर्यादाही लक्षात घ्यावी लागते.

समारोप

जुने स्थलनिर्देशक नकाशे कोकणच्या इतिहासाचे मोलाचे साधन आहेत यात शंका नाही. परंतु ते खाणीच्या बाजूने बोलके आणि गुरचरणाच्या बाजूने अबोल आहेत. पत्रकाचे सर्वेक्षणवर्ष आणि हंगाम तपासणे, किमान दोन कालखंडांची पत्रके योग्य रूपांतर करून ताडून पाहणे, नावांचे मूळ मराठी रूप निश्चित करणे आणि रिकाम्या जागेवर प्रत्यक्ष, शक्यतो पावसाळ्यात, जाऊन गुराख्यांशी बोलणे ही चार पथ्ये पाळली, तर त्या अबोलपणातूनही पुष्कळ काही हाती लागू शकते.

हे काम एका विद्याशाखेचे नाही. भूगोल विभागाकडे नकाशे आहेत, मराठी विभागाकडे शब्द आहेत, वनस्पतिशास्त्र विभागाकडे सड्याचे ज्ञान आहे आणि इतिहास विभागाकडे दप्तरे वाचण्याची शिस्त आहे. जिल्ह्यातील प्रत्येक महाविद्यालयाने आपल्या परिसरातील एका सड्याचा किंवा एका घाटवाटेचा असा संयुक्त अभ्यास हाती घेतल्यास विद्यार्थ्यांना नकाशा वाचता येईल आणि गावांना आपल्या वहिवाटीचा लेखी आधार मिळेल. सडे झपाट्याने कापले जात आहेत आणि गोठणींची नावे जाणणारी पिढी वृद्ध झाली आहे. नकाशा जपून ठेवता येतो. तो ज्यांनी पुरा करावयाचा ती माणसे मात्र फार काळ थांबणार नाहीत.